पेट्रोलच्या इंजिनाला इथेनॉल पाजायचं तर

ई-२० वरून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, वाद पेटला की कुणीतरी हमखास ब्राझीलचा दाखला देतं: तिथे १९७९ पासून गाड्या निव्वळ इथेनॉलवर धावतात, मग आपल्या टाकीत ओतलं तर बिघडलं कुठे? त्या साली तिथे फियाट १४७ अल्कोहोलवर आली हे खरं, पण ती कारखान्यातूनच त्यासाठी घडवून आली होती. साध्या पेट्रोल गाडीचं गणित वेगळं आहे.

ते गणित हवेचं आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, वजनाने सुमारे ३५ टक्के. त्यामुळे १ किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९ किलो पुरते. सिलिंडर मात्र दर फेरीला ठरलेलीच हवा ओढतो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल वजनाने १.६३ पट सोडावं लागतं. ते थोडं जड असल्याने आकारमानाने साधारण दीडपट. गंमत अशी की १ किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळपास सारखीच, ३ मेगाज्यूलच्या आसपास. म्हणून मिश्रण बरोबर बसवलं तर पिकअप जात नाही, ॲव्हरेज जातं. लिटरमागे ऊर्जाच एक-तृतीयांश कमी आहे, त्याला कुठलंही किट काही करू शकत नाही.

आता हे दीडपट इंधन इंजेक्टरमधून, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोटीतून, जाईल का ते पाहू. ६००० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. पूर्ण लोडवर इंजेक्टर १४ मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर इथेनॉलवर त्याला २१ हवेत. चक्रच २० चं! मग दाब वाढवू म्हणावं, तर प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दीडपट प्रवाहासाठी दाब सव्वादोनपट, म्हणजे ३ बारचा पावणेसात बार. टाकीतला पंप तिथे दम तोडतो. तेव्हा मोठे इंजेक्टर बसवणं आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे कधी किती इंधन सोडायचं याचा तक्ता, नव्याने लिहिणं, हाच मार्ग. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेटचा, म्हणजे इंधन येणाऱ्या मुख्य छिद्राचा, व्यास सुमारे सव्वापट.

ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून स्वतः दुरुस्ती करतो, हे अर्धसत्य. त्याची मुभा साधारण २०-२५ टक्क्यांची. पुढे चेक इंजिनचा दिवा आणि पी०१७१ हा बिघाडाचा कोड, म्हणजे मिश्रण लीन: हवेच्या मानाने इंधन कमी. शिवाय बऱ्याच गाड्यांत थंड इंजिन सुरू होताना आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो सेन्सरचं ऐकतच नाही, मॅपवर चालतो. नेमकं तेव्हाच लीन मिश्रण घातक. इंजेक्टरच्या वायरमध्ये जोडायच्या स्वस्त डब्या पल्स, म्हणजे इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, ठराविक प्रमाणात लांबवतात. टाकीत इथेनॉल किती टक्के आहे हे त्यांतल्या बहुतेकांना कळत नाही. इंधनाच्या नळीला बांधायचे 'मायलेज चुंबक' विकणाऱ्यांपेक्षा हे एवढेच बरे की डबी निदान काहीतरी करते.

थंड स्टार्ट ही दुसरी डोकेदुखी. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सुटते तो, सुमारे १३ अंश, पेट्रोलचा उणे ४० च्या आसपास. त्यात वाफ होताना इथेनॉल तेवढ्याच हवेमागे पेट्रोलच्या चौपट उष्णता शोषतं. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे स्टार्टर नुसता घरघरेल. ब्राझीलने स्टार्टपुरती बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी दिली. २००९ मध्ये फोक्सवॅगन पोलोत इंधन तापवणारी रेल (इंजेक्टरांना इंधन पुरवणारी नळी) आली आणि ती टाकी गेली.

हाच थंडावा आणि १०८ च्या घरातला ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता) यांमुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, १२:१ पर्यंत नेता येतं आणि गेलेल्या ॲव्हरेजपैकी थोडं परत मिळतं. पण मग त्याच इंजिनात साधं पेट्रोल घातलं की नॉकिंग, म्हणजे अवेळी पेटून इंजिन ठोकतं.

बाकी कामं कंटाळवाणी, पण टाळू नका. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग फुगतात, तिथे व्हिटॉन हे इंधनाला टिकणारं रबर घाला. जस्त, मॅग्नेशियम, शिसं-कथिलाचा लेप दिलेली टाकी यांना गंज चढतो. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फ्युएल फिल्टर बदला. जवळच्या फेऱ्या जास्त असतील तर ऑइलही लवकर बदला, त्यात इंधन आणि पाणी उतरतं. आणि आरसीवर इंधन 'पेट्रोल' असताना परस्पर केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. अपघातानंतर विमा कंपनी हीच नोंद आधी तपासते.