डॉक्टरविरुद्ध ग्राहक आयोगात जायचंय? आधी आतले पेपर काढा

माझ्याकडे तक्रार लिहून घ्यायला माणूस आला की पिशवीतून डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं आणि दोन एक्स-रे निघतात, बस्स. डिस्चार्ज कार्ड हॉस्पिटलनेच लिहिलेलं असतं हो, त्यात ते स्वतःची चूक कशाला लिहितील? लागतात ते आतले पेपर, म्हणजे ऑपरेशन नोट्स, भूल दिल्याची नोंद, संमतीपत्र आणि नर्सचा चार्ट, कारण रात्री दोनला बीपी किती होतं आणि डॉक्टरला फोन कधी गेला हे सापडलं तर तिथेच सापडतं.

मेडिकल कौन्सिल म्हणजे डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त बघणारी संस्था, तिच्या २००२ च्या नियमांप्रमाणे हे पेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. पण तोंडी मागाल तर "सर आले की या" ऐकत महिना जाईल, म्हणून लेखी अर्ज द्या, कॉपीवर पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट करा. रेकॉर्ड जपायचं बंधन तीनच वर्षांचं आहे. आणि मेडिक्लेमसाठी ओरिजिनल फाइल कंपनीला देणार असाल तर आधी पान न् पान झेरॉक्स करा, नंतर ती फाइल परत मिळवणं म्हणजे दुसरी केसच.

आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षं, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच मार खातात. नोटीस पाठवली, कौन्सिलकडे अर्ज केला म्हणून ही मुदत थांबत नाही. चूक नंतर कळली तर कळल्यापासून धरतात, पण तेही दरवेळी नाही. एका बाईंचं ऑपरेशन १९९३ चं, पोट दुखतच राहिलं, २००२ ला दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आत राहिलेलं गॉज (रक्त टिपायचं जाळीचं कापड) निघालं, तक्रार २००४ ला. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये उशीर झाला म्हणूनच तक्रार फेटाळली, त्या स्वतः नर्स होत्या, इतकी वर्षं दुखत असताना शंका यायला हवी होती असं कोर्टाचं म्हणणं. उशिराला सबळ कारण असेल तर माफीचा अर्ज करता येतो, पण त्या भरवशावर बसू नका.

कोण जाऊ शकतं? ज्याच्या उपचाराचे पैसे भरलेत तो, मग ते मेडिक्लेम कंपनीने भरलेले असले तरी चालतं. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं सरकारी हॉस्पिटल यात येत नाही, तिथे दिवाणी कोर्ट. मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकतं पण भरपाई देत नाही, या दोन्हींत लोक सारखा गोंधळ करतात.

जिल्हा की राज्य आयोग हे तुम्ही भरपाई किती मागता त्यावर नाही, बिल किती भरलं त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत भरलेले असतील तर जिल्हा आयोग, म्हणजे जवळपास सगळेच. ५ लाखांपर्यंतच्या बिलाला फी शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरा.

पेशंट गेला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं आयोग धरत नाही. त्या जागी दुसऱ्या साधारण कुशल डॉक्टरने काय केलं असतं हे बघतात, त्यासाठी त्याच शाखेच्या डॉक्टरचं लेखी मत जोडलेलं बरं. ते मिळत नाही, एकमेकांविरुद्ध कोण लिहून देणार? गॉज राहिलं, चुकीचा पाय कापला अशा उघड चुकीत मत नसलं तरी चालू शकतं. बाकी केसमध्ये मतासाठी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला विचारा.

आता विमा. बऱ्याच डॉक्टरांची इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटला द्यावी लागणारी भरपाई भरणारा विमा, असते आणि कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही अशी अट सहसा तिच्यात असते. म्हणून कालपर्यंत बोलणारा डॉक्टर नोटिशीनंतर एकदम गप्प होतो, त्याचा राग धरून उपयोग नाही. त्याआधीच, बिलात सूट देताना "आमची काही तक्रार नाही" असा कागद पुढे सरकवतात. मागे एका मुलाने वडिलांची बॉडी ताब्यात घ्यायच्या घाईत तो न वाचताच सही केला, आणि समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तोच कागद काढला.