टेम्पो (मालवाहू वाहन)

टेम्पो : पार्सल, किराणा, भाजीपाला, घरसामान यांची जवळच्या अंतरावर ने-आण करणारी लहान किंवा मध्यम आकाराची मालमोटार. तीन चाकांच्या गाडीपासून सहा चाकांच्या आयशरपर्यंत मराठीत सगळे टेम्पोच. त्याहून मोठा तो ट्रक. आरटीओच्या कागदांवर मात्र त्यातल्या बऱ्याच गाड्यांची 'हलके मालवाहू वाहन' अशी नोंद असते.

मुळात टेम्पो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव. त्या कारखान्याशी करार करून १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. आधी मुंबईत गोरेगावला, मग पुण्याजवळ आकुर्डीत. तिच्या हॅन्सीट या तीनचाकीचे इंजिन पुढच्या एकुलत्या चाकापाशी असे आणि साखळीने तेच चाक फिरवी. मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट (दांडा) नाही, त्यामुळे माल ठेवायचा हौदा खाली बसवता येई आणि हमालाला पोते फार उचलावे लागत नसे. पण भरलेल्या गाडीचा भार मागे आणि ओढणारे चाक पुढे, म्हणून चढाला पकड सुटायची. पुढे आलेली मॅटाडोरही पुढच्याच चाकांवर चालणारी होती. २००५ मध्ये कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतले. पाटीवरून टेम्पो गेला, बोलण्यातून गेला नाही.

ऐंशीच्या दशकात या बाजारात जपानी तंत्र घेऊन एकदम चार जोड्या उतरल्या : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ मध्ये ४०७ ही गाडी आणली. येन महागला तसे जपानी सुटे भाग परवडेनासे झाले. ४०७ इथल्याच भागांवर उभी होती आणि कोणत्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला खोलता येत होती. माझ्या मते तिच्या यशात ताकदीपेक्षा याचाच वाटा मोठा. चौघांपैकी आयशरने मात्र असा जम बसवला की त्या मापाच्या दुसऱ्या गाडीलाही लोक आयशर म्हणून मोकळे होतात.

पार्सलच्या धंद्याला सर्वांत जास्त बदलले ते टाटा एसने, म्हणजे 'छोटा हत्ती'ने. टाटा मोटर्सचे अभियंते गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात विकसित झालेली ही गाडी मे २००५ मध्ये बाजारात आली. नवे इंजिन घडवण्याऐवजी इंडिका मोटारीच्या १४०५ सीसी, चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे जणू दोन तुकडे करून एक वापरला : दोन सिलिंडर, ७०२ सीसी, सुमारे १६ अश्वशक्ती. इंजिन केबिनमध्ये सीटखाली, ओढ मागच्या चाकांना, पाऊण टन माल. मालवाहू रिक्षाच्या गल्लीत शिरेल आणि तरी चार चाकांवर उभी राहील, हा सगळा हिशेब होता. सीट उचलली की इंजिन समोर. उन्हाळ्यात त्याची धग मात्र ड्रायव्हरच्या मांड्यांना पुरेपूर कळते. मागोमाग महिंद्रा मॅक्सिमो, अशोक लेलँड दोस्त, महिंद्रा जीतो आणि मारुती सुपर कॅरी आल्या. खराब रस्त्याच्या ग्रामीण भागात मात्र बोलेरो पिकअपला तोड नाही.

टेम्पोचे मर्म मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत असते. पोलादी पट्ट्यांची चळत एकावर एक बांधलेली असते, आणि बऱ्याच गाड्यांत तिच्या जोडीला हेल्पर पाटे असतात. माल चढून गाडी दबली की मगच ते टेकतात आणि भार घेतात. एवढे कडक पाटे रिकाम्या गाडीला वाकतच नाहीत, म्हणून रिकामा टेम्पो खड्ड्यात उडतो आणि फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) साखळ्या वाजत राहतात. माल मागच्या चाकांच्या धुरीच्याही मागे रचला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते. भरताना जड खोकी केबिनच्या बाजूला ढकलतात ती यासाठीच.

ऑनलाइन खरेदीच्या पार्सलांनी हे गणित थोडे बदलले. खोकी हलकी पण जागा खाणारी, त्यामुळे वजनाआधी हौदा भरतो. उघडा हौदा आणि ताडपत्री यांच्या जागी कुलूप लागणारी बंद पेटी आली. दर दारी थांबायचे म्हटल्यावर झीज होते ती क्लच प्लेटची, स्टार्टरची आणि ब्रेक लायनरची. टायर तुलनेने टिकतात.

२०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेमुळे छोटे डिझेल इंजिन महाग पडू लागले. टाटा एसच्या गोल्ड या प्रकारात ६९४ सीसीचे पेट्रोल इंजिन आले, सीएनजी होतेच. २०२२ मध्ये विजेवरची टाटा एस आली. तिची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची असून चाचणीत एका चार्जवर १५४ किलोमीटरचा पल्ला नोंदला गेला. भरलेल्या गाडीला रस्त्यावर तेवढा मिळत नाही. पण पार्सलची फेरी ठरलेली असते आणि गाडी रात्री गोदामात परतते, म्हणून हा धंदा विजेला सोयीचा आहे. अशा गाड्यांची नंबरप्लेट नेहमीची पिवळी नसून हिरवी असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरे असतात.

परवान्याचा जुना घोळ नोव्हेंबर २०२४ मध्ये सुटला. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले. त्याआधी अपघात झाला की विमा कंपनी नेमके याच नोंदीवर बोट ठेवायची.