अठरा लागलं की इन्सुलिन सुटतं? नाही!

बीड-परभणीकडं पोरीच्या लग्नाची बोलणी निघाली की हमखास ऐकू येतं, ‘लहानपणची शुगर आहे, वयात आल्यावर जाईल.’ जात नाही. ही लहानपणची शुगर म्हणजे बहुतेकदा टाईप १ मधुमेह, त्यात शरीरातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. निदानानंतर काही महिने अनेकांचा डोस घटतो, त्यावरून हा गैरसमज पसरतो. वयात येताना गरज उलट वाढते. इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं.

बदलते ती ओपीडी, बालरोगाऐवजी मेडिसिनची, म्हणजे मोठ्यांची. याच काळात पोरांचे उपचार सुटतात, आणि तेच बघून फार जीव जळतो. 13-14 व्या वर्षापासून डोस पोरांनाच मोजू द्या, डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या. नव्या ओपीडीची तारीख हातात आल्याशिवाय जुनी ओपीडी सोडू नका. ऊसतोडीला जाताना कुपी मडक्याच्या गारव्यात ठेवा, बर्फात नको. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.