केपवाल्या कोल्टचा इटालियन पुनर्जन्म

सॅम्युअल कोल्टचं 1851 चं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर म्हणजे खरं तर सहाबारी ठासणीच. प्रत्येक कोठीत समोरून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने दाबून बसवायची, मागे निपलवर, म्हणजे बारीक भोकाच्या बोंडावर, केप चढवायची; घोडा आपटला की ठिणगी टाकून दारू पेटवणारी ही छोटी टोपी. कोकणात ठासणीची बंदूक भरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. तयार काडतुसं आली आणि ही खटपट मागे पडली. 1873 मध्ये कोल्टच्याच कंपनीने काडतुसाचं नवं रिव्हॉल्व्हर काढलं.

अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी 1961 मध्ये सुरू होणार होती. जुन्या लढाया हुबेहूब वठवणाऱ्या हौशींना हत्यारं लागणार, पण अस्सल कोल्ट मैदानात कोण काढणार? न्यू जर्सीचे बंदुकांचे व्यापारी व्हॅल फॉर्गेट यांनी हे आधीच हेरलं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गाठलं ते उत्तर इटलीतलं, ब्रेशाजवळचं वाल त्रोम्पिया खोरं. इथल्या गार्दोने गावी बेरेटा घराणं 1526 पासून तरी नळ्या घडवतंय. कसबी हातांना तोटा नव्हता. तिथल्या ग्रेगोरेली आणि आल्दो उबेर्ती या कारागिरांनी ‘नेव्ही’ची नक्कल उतरवली. 1959 मध्ये उबेर्तींनी स्वतःचा कारखाना घातला. पुढे पिएत्ता हे इटालियन बंदूककारही या धंद्यात आले. मूळ रिव्हॉल्व्हरच्या चक्रावर, म्हणजे सहा कोठ्यांच्या फिरत्या भागावर, टेक्सास आणि मेक्सिकोच्या जहाजांची 1843 ची लढाई कोरलेली असे. नकलेवर तीही आली.

शताब्दीचा उत्साह ओसरणारच होता. धंदा टिकला त्यात, माझ्या मते, कायद्याचा वाटा मोठा. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्याने टपालाने बंदुका विकण्यावर बंधनं आणली, पण 1898 पर्यंतच्या जुन्या हत्यारांना आणि आधुनिक काडतूस न चालणाऱ्या त्यांच्या नकलांना त्यातून वगळलं. राज्यांचे नियम वेगळे, तरी बाजार खुला राहिला.

मग 1971 मध्ये खुद्द कोल्ट कंपनीनेच ‘नेव्ही’ पुन्हा बाजारात आणली, आणि तिचे कच्चे भाग इटलीतून, उबेर्तींकडून आले! अस्सल कशाला म्हणायचं, यावर संग्राहक अजून भांडतात.

नक्कल अस्सल म्हणून खपवणाऱ्या खोट्या ‘जुन्या’ रिव्हॉल्व्हरांचा सुळसुळाटही याच धंद्याने आणला. गार्दोनेच्या चाचणी केंद्रात प्रत्येक नगावर काळ्या दारूच्या चाचणीचा ‘पीएन’ शिक्का आणि वर्षाची खूण ठोकतात. ‘एए’ म्हणजे 1975. लबाड विक्रेता आधी तेच घासून टाकतो, म्हणून जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तिथलाच धातू निरखून बघतं.