गीतकाराचा ‘मी’ आणि गाण्यातला ‘मी’

‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ ही ओळ कुणाच्या निधनाच्या बातमीखाली हमखास दिसते आणि शेजारी नाव असतं ग. दि. माडगूळकरांचं. ओळ त्यांनीच लिहिली, यात वाद नाही. पण ते म्हणणं त्यांचं आहे का? गीतरामायणात, म्हणजे त्यांच्या रामकथेवरच्या गीतमालिकेत, हे शब्द रामाच्या तोंडी आहेत, भरतासमोर, चित्रकूटावर. लिहिणारा एक आणि बोलणारा दुसरा. हे दोघे इतके चिकटून येतात की गाणं ओळखीचं असलं तरी आपण त्यांना वेगळं करत नाही. गाणं कमी ऐकलेलं असेल, मागचा-पुढचा प्रसंग ठाऊक नसेल, तर अर्थाची गाडी इथेच चुकीच्या रुळावर जाते.

आपल्या कानांना ही सवय अभंगांनी लावली असावी. अभंगात कवी शेवटी स्वतःचं नाव घालतो. ‘तुका म्हणे’ आलं की बोलणारा कोण हा प्रश्नच उरत नाही. ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे’ या अभंगातलं दिवाळं आणि दुष्काळ तुकोबांच्या आयुष्यातले आहेत. तिथे ‘मी’ म्हणजे तुकाराम असं वाचणं योग्यच. पण याच तुकोबांच्या गाथेत विराण्याही आहेत. त्यांत घरदार, लोकलाज सोडून कृष्णाकडे धावलेली स्त्री बोलते आणि शेवटी ‘तुका म्हणे’ येतंच. एकनाथांच्या ‘सत्वर पाव गे मला’ या भारुडात सासरच्या माणसांना कंटाळलेली सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते. ती सून म्हणजे नाथ नव्हेत. शेवटी ‘एका जनार्दनी’ म्हणत नाथ आत शिरतात आणि सुनेच्या तक्रारीला अध्यात्माचं वळण लागतं. म्हणजे एकाच रचनेत दोन ‘मी’ ठेवून त्यांच्यातलं अंतर ऐकणाऱ्याला दाखवायची रीत आपल्याकडे शतकानुशतकं आहे. भावगीतात आणि चित्रपटगीतात ही नाममुद्रा गेली. कवी नाव घालेनासा झाला आणि दोन ‘मीं’मधली खूणच पुसली गेली.

आपण सगळीकडे सारखे फसत नाही, हेही पाहण्यासारखं आहे. ‘बुगडी माझी सांडली गं’ ही ‘सांगत्ये ऐका’ (1959) मधली लावणी माडगूळकरांचीच. तिचा अर्थ कुणी त्यांच्या चरित्रात शोधायला जात नाही. ‘मी’ बाई आहे, लावणी आहे, प्रश्न मिटला. घोटाळा होतो तो ‘मी’ पुरुष असतो, स्वर गंभीर असतो आणि ओळ सुभाषितासारखी सुटी काढता येते तेव्हा. अशी ओळ आपण पात्राच्या हातून काढून कवीच्या हाती देतो आणि तिला त्याचं तत्त्वज्ञान म्हणायला लागतो.

गीतरामायणाच्या बाबतीत तर याला आणखी एक कारण आहे. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं आणि पुढे वर्षभरात छप्पन्न गीतं झाली. त्या प्रसारणात वेगवेगळे गायक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके आणि अर्थात संगीतकार सुधीर फडके. आवाज बदलला की पात्र बदललं, हे श्रोत्याला आपोआप कळत होतं. नंतर मंचावर आणि ध्वनिमुद्रिकांवर बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळी गीतं एकट्याने गायली. त्या गायनावर माझं अपार प्रेम आहे. कौसल्येची कळवळ आणि शूर्पणखेचा डंख एकाच गळ्यातून इतका वेगळा उमटणं सोपं नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच आवाजात ऐकल्याने ती गीतं एकाच माणसाचं मनोगत असल्यासारखी कानात बसली. त्यातली आठ-दहा फार गाजली, बाकीची क्वचितच कुणी लावतं आणि प्रसंगांची साखळी तुटली.

ती साखळी जोडून ऐकली तर काय होतं, हे वनवासाच्या भागात सगळ्यात स्पष्ट दिसतं. ‘मोडू नका वचनास, नाथा’ हे कैकेयीचं गीत. ती दशरथाला दिलेल्या शब्दाची आठवण करून देते. तिच्या बाजूने तिचा मुद्दा पक्का आहे, आणि कवीने तो लुळा केलेला नाही. ‘रामाविण राज्यपदी कोण बैसतो’ मध्ये लक्ष्मण पेटलेला आहे. ‘माता न तू, वैरिणी’ मध्ये आजोळाहून परतलेला भरत आईलाच वैरीण म्हणतो. तिघांचेही शब्द तितक्याच ताकदीचे, आणि तिघेही एकमेकांना छेद देणारे. मग चित्रकूटावर राम येतो आणि सांगतो की यात आईचा दोष नाही, वडिलांचाही नाही. आता यातलं कवीचं मत कोणतं म्हणायचं? वचन मोडू नये हे, की आई वैरीण हे, की दोष कुणाचाच नाही हे? लेखणी एकच आहे.

‘पराधीन आहे’ शेवटपर्यंत ऐकलं तर आणखी काही दिसतं. सुरुवातीची कडवी सगळ्यांना पाठ असतात, शेवटची फार थोड्यांना. शेवटी राम भरताला सांगतो की मला परत नेण्याचा आग्रह धरू नकोस, चौदा वर्षं पुरी झाल्याशिवाय मी अयोध्येला येणार नाही, राज्य आता तुझं. म्हणजे हे सगळं चिंतन एका हट्ट धरलेल्या धाकट्या भावाला परत पाठवण्यासाठी आहे. सागरात दोन ओंडके भेटतात आणि लाटेने दुरावतात, ही गीतातली सगळ्यात गाजलेली प्रतिमा मुळात वाल्मीकींची आहे. रामायणाच्या अयोध्याकांडात राम भरताला हेच सांगतो. माडगूळकरांचं श्रेय त्याने कमी होत नाही. प्राचीन प्रतिमा मराठीत अशी उतरवणं की ती घराघरात म्हणीसारखी बोलली जावी, हे फार मोठं काम आहे. पण तिला ‘गदिमांचा जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ म्हणणं चूक आहे.

आणि मग येतं त्याच्या लगेच नंतरचं, त्या मानाने फार कमी ऐकलं जाणारं गीत: ‘तात गेले, माय गेली, भरत आता पोरका’. भरत पादुका मागतो ते हे गीत. त्यातली ‘माय गेली’ ही दोन अक्षरी-दोन अक्षरी नोंद मला नेहमी थांबवते. दशरथ वारले आहेत, पण कैकेयी जिवंत आहे. मग कुठली माय गेली? माझ्या मते भरताने तिला आई मानणंच सोडलं आहे. रामाने एवढं समजावून सांगितलं, दोष कुणाचा नाही म्हणाला. भरताने राज्याची जबाबदारी घेतली, पादुका घेतल्या, पण क्षमेचा भाग त्याच्या गळी उतरला नाही. हा अर्थ एकेकट्या गीतात सापडणार नाही. दोन गीतं लागोपाठ ठेवली आणि दोन्हींतला ‘मी’ वेगळा धरला, तरच तो दिसतो. ‘पराधीन’ला कवीचं अंतिम मत मानलं की भरताचं गीत नुसतं रडगाणं वाटतं, आणि तसं ते मुळीच नाही.

चित्रपटगीतांत रीत तीच, फक्त पात्राची पार्श्वभूमी शोधायला जास्त कष्ट पडतात. चित्रपट विस्मरणात जातो आणि गाणं उरतं. ‘उद्धवा, अजब तुझे सरकार’ हे ‘जगाच्या पाठीवर’ (1960) मधलं गाणं आज कुठल्याही सरकारवरची टीका म्हणून वापरलं जातं. खुशाल वापरावं, गाण्यांचं तसं होतंच. फक्त ते कवीचं राजकीय विधान होतं असं म्हणण्याआधी पडद्यावर ते कोण गातं आणि कोणत्या अवस्थेत, हे पाहायला हवं.

एखादं अनोळखी गाणं हाती आलं तर मी आधी संबोधन शोधते. नाथा, सुमंता, लक्ष्मणा, रामा, बाळांनो: माडगूळकर ऐकणारा कोण हे बहुधा पहिल्या ओळीतच सांगून टाकतात. कुणाशी बोलणं चाललंय हे कळलं की बोलणारा कोण हे कळतं, आणि त्याला काय हवंय याचाही अंदाज येतो. गीतातलं पात्र क्वचितच नुसतं मन मोकळं करतं. त्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असतं.

मग गीतकार कुठेच नाही, असं समजायचं का? तेही टोक मला मान्य नाही. विधानात तो नसतो, निवडीत असतो. लंकेवर काळ आल्याचं कुंभकर्णाच्या तोंडून ऐकवावं, शूर्पणखेला सूडाचं गीत द्यावं, अयोध्येच्या प्रजेला सुमंताचा रथ थांबवू द्यावा, हे कवीने ठरवलं. वालीवधानंतर रामाचं समर्थन आहे, ‘वालीवध ना, खलनिर्दालन’, पण मरणाऱ्या वालीला स्वतंत्र गीत नाही. चौदा वर्षं मागे राहिलेल्या ऊर्मिलेलाही नाही. तिचं गीत असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. गीतकाराबद्दल काही म्हणायचंच असेल तर ते इथे म्हणावं: कुणाला आवाज दिला, कुणाला नाही आणि कुणानंतर कोण बोललं यावरून. शिवाय शब्दांची ठेवण त्याचीच असते. राजा असो की राक्षस, त्यांच्या मराठीतली ओवी-अभंगांची लय माडगूळकरांची आहे.

छप्पन्नावं गीत, ‘गा बाळांनो, श्रीरामायण’, वाल्मीकींचं. रामाच्या नगरीत जाऊन गा, पण धन घेऊ नका, दक्षिणा घेऊ नका, असं ते लव-कुशांना सांगतात. रामायण रचणारा ते गाणाऱ्यांना निरोप देतो आहे, आणि ते लिहिणाऱ्याने त्या वर्षभरात स्वतःच एक रामायण रचून गाणाऱ्यांच्या हाती दिलं आहे. सगळ्या मालिकेत दोन ‘मी’ सर्वांत जवळ येतात ते इथे. तरीही माडगूळकरांनी त्यात स्वतःचं नाव घातलेलं नाही.