मेळघाट पर्यटन

मेळघाट पर्यटन : अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत होणारे पर्यटन. त्याची तीन अंगे सांगता येतात : साग-बांबूचे पानझडी जंगल व त्यातील वन्यजीव, माथ्यावरचे चिखलदरा, पायथ्याची परतवाडा-अचलपूर ही जोडशहरे व दऱ्याखोऱ्यांतील कोरकू आदिवासींची गावे, आणि मोहफुलांपासून घरोघर गाळले जाणारे मद्य. पहिल्या दोहोंविषयी विपुल लेखन झाले आहे. तिसऱ्याचा उल्लेख प्रवासवर्णनांत चवीपुरता आणि सरकारी कागदांत गुन्ह्यापुरता येतो. त्यामुळे येथे त्याचा विस्ताराने विचार केला आहे.

प्रदेश काळ्या बेसाल्टचा आहे. दक्षिणेकडे डोंगर सरळ तुटून पूर्णेच्या सपाट काळ्या रानात उतरतो, तर उत्तरेकडे तो एकामागून एक सोंडांनी तापीच्या खोऱ्याकडे कलत जातो. वैराट (१,१७८ मी.) हे येथील सर्वांत उंच ठिकाण. खंडू, खापरा, सिपना, गाडगा व डोलार या नद्या तापीला मिळतात; चंद्रभागा, शहानूर, वाण या दक्षिणवाहिन्या पूर्णेला. उन्हाळ्यात नद्यांचे प्रवाह आटून ठिकठिकाणी डोह उरतात आणि वन्यप्राण्यांचा सारा वावर त्या डोहांभोवती एकवटतो. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी पाहण्याचा उपक्रम वनविभाग याच कारणाने त्या हंगामात घेतो.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये घोषित झाला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश होता. गाभ्यातील गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ चे आहे. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रा, रानगवा, सांबर, भेकर, चौसिंगा हे येथील प्रमुख प्राणी होत. भूप्रदेश तुटक व झाडी दाट असल्यामुळे ताडोबाच्या मानाने वाघ क्वचितच दिसतो, आणि केवळ वाघासाठी आलेला पाहुणा बहुधा नाराज होऊन परततो. पक्षिनिरीक्षकाला मात्र मेळघाट सहसा रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. १८८४ नंतर नोंदच न मिळाल्याने नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार भागातील शहाद्याजवळ पुन्हा आढळला. पुढे झालेल्या शोधात मेळघाटचे सागवन हे त्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान ठरले. हा पिंगळा दिवसाही वावरतो. सकाळच्या उन्हात पर्णहीन सागाच्या उघड्या फांदीवर तो बसलेला असतो आणि शेपटी झटक्याने हलवतो, त्यावरून वाटाडे तो लांबूनच ओळखतात.

गाविलगड. चिखलदऱ्यालगतचा हा किल्ला पाहिल्याशिवाय सहसा कोणी परतत नाही. त्याच्या उभारणीच्या काळाविषयी मात्र एकमत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या मते अहमदशाह वली बहमनी याने १४२५-२६ च्या सुमारास एलिचपूर (अचलपूर) मुक्कामी गाविल बांधला व नरनाळा किल्ल्याची डागडुजी केली. वऱ्हाडातील परंपरा किल्ल्याचे मूळ गवळी राजांकडे नेते आणि आधी येथे मातीचा कोट होता असे सांगते. काही अभ्यासक तो यादवकालीन मानतात. फिरिश्ता दोन किल्ल्यांबाबत ‘बांधला’ आणि ‘दुरुस्त केला’ असा भेद करतो, हा पहिल्या मताचा मोठा आधार होय. तथापि खिंडी राखणारी इतकी मोक्याची जागा पंधराव्या शतकापर्यंत मोकळी राहिली असेल हे संभवनीय वाटत नाही. आधीच्या लहान ठाण्याच्या जागी बहमनींनी दगडी दुर्ग उभारला, असे मानल्यास दोन्ही परंपरांचा मेळ बसतो. आज उभे असलेले बरेचसे काम त्याही नंतरचे आहे. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तुल्ला इमाद-उल्-मुल्क याने १४८८ मध्ये तटाची दुरुस्ती केली. बहराम बुरुजावरील लेख १५७७ चा आहे. दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड हा दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी कोरलेला असून त्याच्या पकडीत हत्ती आहेत. जोडीला सिंहही आहेत. फत्तुल्ला जन्माने विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण कुळातला होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दक्षिणेतील हे चिन्ह सातपुड्याच्या दरवाजावर कसे आले याचा उलगडा बऱ्याच अंशी होतो. *आईन-इ-अकबरी*त गाविल हा वऱ्हाड सुभ्याचा एक सरकार (सुभ्याचा विभाग) असून, पोलादी शस्त्रांना पाणी देण्यास योग्य अशा तेथील झऱ्याचा उल्लेख आहे.

१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या इंग्रज फौजांनी नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला घेतला. बाहेरच्या तटाला खिंडार पडले होते, पण आतला कोट शिड्या लावून चढावा लागला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. दोनच दिवसांनी नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी देवगावचा तह झाला. १८५८ मध्ये इंग्रजांनी तटबंदी निकामी केली. सध्या तलाव, मशिदी व तोफा पाहण्याजोग्या आहेत. पडीक इमारतींत रान माजले आहे आणि या दुर्गाकडे द्यायला हवे तेवढे लक्ष दिले गेलेले नाही.

चिखलदरा सुमारे १,१०० मी. उंचीवर आहे. हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये ते इंग्रजांच्या नजरेस आणले. गवळ्यांना व कोरकूंना ही जागा अर्थातच आधीपासून ठाऊक होती. भीमाने कीचकाला मारून दरीत लोटले, या आख्यायिकेशी गावाचे नाव व भीमकुंड ही स्थळे जोडली जातात. पाऊस सरासरी १५० सेंमी.च्या आसपास पडतो. ब्रिटिश काळात लावलेली कॉफी अजून टिकून आहे. जवळच्या मोथ्यात स्ट्रॉबेरी होते आणि गवळ्यांकडे चांगला खवा मिळतो. आमझरीला शासनाने मधाचे गाव म्हणून पुढे आणले आहे. परतवाडा ही लाकडाची बाजारपेठ. अचलपूर ही वऱ्हाडची जुनी राजधानी. धारणी हे तालुक्याचे ठाणे आहे.

कोरकू गावे. कोरकू ही मुंडा गटातील भाषांपैकी सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा होय. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या, चंद्र-सूर्य व घोडेस्वार कोरलेल्या सागवानी फळ्या गावाबाहेर आढळतात. होळी हा सर्वांत मोठा सण. दिवाळीनंतरच्या घुंगरू बाजारात थाट्या म्हणून ओळखले जाणारे गुराखी जागोजागच्या आठवडी बाजारांतून नाचत फिरतात. १९९३ मध्ये बालमृत्यूंमुळे मेळघाट देशभर चर्चेत आला आणि कुपोषणाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. व्याघ्र प्रकल्पासाठी बोरी, कोहा, कुंड आदी गावांचे पुनर्वसन झाले. निसर्गाची ओढ घेऊन येणाऱ्याने ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे. आज निर्मनुष्य दिसणाऱ्या कित्येक गवताळ पठारांवर कालपरवापर्यंत घरे होती.

मोहाचे मद्य. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये येतात. पांढुरकी, मांसल पाकळीनळी रात्री व पहाटे अखंड गळून पडते. दिवस उजाडण्यापूर्वी कुटुंबेच्या कुटुंबे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. याच वेळी अस्वलही फुले खायला येत असल्याने या हंगामात हल्ले होतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची चाल आहे आणि त्यातून पुष्कळदा वणवा भडकतो. फुले अंगणात तीन-चार दिवस वाळवली की तांबूस-तपकिरी होतात. सुक्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. भाकरीत, लाडवांत आणि दुष्काळात पोटाला आधार म्हणून त्यांचा उपयोग पूर्वापार होत आला आहे.

मद्यासाठी सुकी फुले पाण्यात भिजत घालतात. या आंबवणाला विदर्भात सडवा म्हणतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत, थंडीत आठवडा उलटल्यावर तो तयार होतो. वरचा फेस खाली बसला की भट्टी लावतात. सडव्याच्या हंड्यावर बुडाला भोके पाडलेले मडके, त्यात मधोमध एक लहान भांडे, आणि सर्वांत वर गार पाण्याने भरलेले जर्मनचे पातेले अशी उतरंड असते. सांधे शेणमातीने लिंपून ओल्या फडक्याने आवळतात. वाफ पातेल्याच्या बुडाला लागते आणि तिचे थेंब मधल्या भांड्यात पडतात. वरचे पाणी तापले की उपसून पुन्हा गार भरतात. किती वेळा पाणी बदलले यावरून मद्याचा जोर ठरतो. आरंभी उतरते ती पहिल्या धारेची, शेवटची पाणचट. थेंबभर निखाऱ्यावर टाकून भडका पाहण्याची परीक्षा सर्वत्र रूढ आहे. दुसऱ्या प्रकारात वाफ बाजूच्या नळीने बाहेर काढून पाण्यात बुडवलेल्या मडक्यात थंड करतात; अशा भट्ट्या साहजिकच नाल्याकाठी असतात.

ऊर्ध्वपातनाची ही कला किती जुनी, हा वादाचा विषय आहे. मधूकपुष्पांचे आसव आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत येते, पण ते आंबवलेले पेय आहे, गाळलेले नव्हे. तक्षशिला व चारसड्ड्याजवळील शैखान ढेरी येथे मिळालेल्या मातीच्या भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये भारत हे ऊर्ध्वपातनाचे आद्यस्थान असावे असे प्रतिपादन केले. ही भांडी इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांतील आहेत. या मतावरील मुख्य आक्षेप असा की, ती मद्य गाळण्यासाठीच होती याला समकालीन ग्रंथांचा निःसंदिग्ध पाठिंबा नाही. चौदाव्या शतकातील इतिहासकार झियाउद्दीन बरनी अलाउद्दीन खलजीच्या मद्यबंदीच्या संदर्भात दिल्लीत चोरून दारू गाळली जात असल्याचे नमूद करतो, आणि तेव्हापासूनचा पुरावा अधिक भक्कम आहे. यंत्ररचनेवरून निर्णय करणेही अवघड. विज्ञानाचे इतिहासकार जोझेफ नीडम यांच्या वर्गीकरणात आतल्या भांड्यात थेंब धरणारी रचना मंगोल प्रकारात मोडते, तर वेगळ्या मडक्यात वाफ थंड करणारी गांधार प्रकाराला जवळची आहे. मध्य भारताच्या जंगलांत दोन्ही आढळतात. एवढ्यावरून येथील गाळपाला दोन हजार वर्षांची अखंड परंपरा बहाल करणे धाडसाचे होईल. ती मध्ययुगात रुळली असावी हे मत तूर्त अधिक ग्राह्य वाटते. आंबवलेल्या मोहाचे सेवन मात्र त्याहून बरेच प्राचीन असले पाहिजे.

कोरकूंमध्ये या मद्याला सिडू म्हणतात. जन्म, सोयरीक, लग्न, मृत्यू या सर्व प्रसंगी ते लागते आणि पहिले थेंब मुठवा देवाला वाहिले जातात. घरगुती गाळपात फूल व पाणी यांखेरीज फारसे काही नसते. बाजारासाठी काढल्या जाणाऱ्या हातभट्टीत गूळ व नवसागर मिसळतात, प्रसंगी घातक द्रव्येही. या दोहोंतील फरक न करणे हा कोरकूंवर अन्याय आहे. दारूने होणाऱ्या घराच्या वाताहतीविरुद्ध विदर्भातील स्त्रिया वारंवार रस्त्यावर उतरल्या आहेत, हेही तितकेच खरे. गडचिरोलीतील १९९३ ची दारूबंदी लोकचळवळीतूनच आली.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना गाळणे व विकणे हा गुन्हा असून मोहफुलांच्या साठवणीवर व वाहतुकीवरही दीर्घकाळ निर्बंध होते. धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या) कायद्याने मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार ग्रामसभेला, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क वनवासींना मिळाला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये फुलांवरील निर्बंध शिथिल केले. परवान्याविना गाळण्यावरील बंदी कायम आहे. नाशिककडील द्राक्षमळ्यांत पाहुण्याला वाइन उघडपणे चाखता येते, तसा मार्ग येथे नाही. मोहफुलांचे लाडू व सुकी फुले मात्र राजरोस घेता येतात, आणि त्यांचा पैसा थेट वेचणाऱ्याच्या घरी जातो.

जवळचे मोठे रेल्वेस्थानक बडनेरा. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत सपाट रस्ता असून पुढे धामणगाव गढी किंवा घटांगमार्गे चिखलदरा गाठता येते. धारणीचा रस्ता सेमाडोह व हरिसालवरून जातो. सेमाडोह व कोलकास येथे वनविभागाची निवासव्यवस्था आहे. धूळघाटाच्या प्रसिद्ध वळशातून जाणारा अकोट-खांडवा मीटरगेज मार्ग आता बंद आहे. पावसाळ्यात चिखलदऱ्यात गर्दी उसळते, पण गाभा क्षेत्रातील सफारी त्या काळात बंद असते. मोहाचा हंगाम, पानगळ आणि आटलेले डोह पाहायचे असल्यास मार्चअखेर ते मे हा काळ योग्य. ऊन मात्र कडक असते.