पार्श्वभूमी: जुन्या गाड्यांचे मागचे कॅलिपर आणि हँडब्रेकचा गुंता

डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला कॅलिपर नावाची पकड दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवते, आणि ते पॅड ऑईलच्या प्रेशरने पिस्टन ढकलतो, एवढं माहितीये असं धरतो आणि थेट मुद्द्यावर येतो. जुन्या गाडीचा पुढचा कॅलिपर खोलणं आणि मागचा खोलणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि हा फरक डिस्कमुळे नाही, हँडब्रेकमुळे पडतो. पुढच्याला फक्त पायाचा ब्रेक सांभाळायचा असतो. मागचं चाक मात्र गाडी उभी केल्यावर, ऑईलच्या प्रेशरशिवाय, नुसत्या वायरच्या ओढीवर धरून ठेवावं लागतं. ही दुसरी जबाबदारी कुठल्या कंपनीने कशी निभावली यावर त्या गाडीचं मागचं काम कसं करायचं हे ठरतं, आणि आपल्या खान्देशात मागच्या कॅलिपरची जी वाट लागली त्यातली बरीचशी हे माहीत नसल्यामुळे लागली.

जुना इतिहास पटकन उरकतो. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये १९०२ साली घेतलं गेलं, पण त्या काळच्या तांब्याच्या पॅडचा किंचाळण्याचा त्रास एवढा की ते पुढे गेलं नाही. मधल्या काळात विमानांना डिस्क लागले. १९५३ साली ले माँची २४ तासांची रेस डिस्कवाल्या जॅग्वारने जिंकली आणि मग सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढे डिस्क होते, १९५७ च्या जॅग्वार एक्सके १५० ला चारही चाकांना. मागे डिस्क लावायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. ड्रममध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून शू नावाच्या वाकड्या पट्ट्या दाबणाऱ्या ब्रेकमध्ये, हँडब्रेक जवळजवळ फुकटात मिळतो, आत एक लिव्हर टाकला, वायर ओढली की शू फाकतात, आणि फिरता ड्रम शूला आणखी आत ओढून घेतो त्यामुळे कमी जोरात जास्त पकड येते. डिस्कला ही स्वतःहून पकडायची सोय नाही. पॅड जेवढ्या जोराने दाबाल तेवढंच धरणार, आणि वायरने किती दाबणार?

यावर तीन उपाय निघाले. पहिला जॅग्वारचा, मुख्य कॅलिपरच्या जोडीला हँडब्रेकसाठी वेगळे छोटे पॅड, त्याच डिस्कवर. १९६१ च्या ई-टाईपमध्ये तर मागचे डिस्क चाकात नाहीतच, आत डिफरन्शियलला (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) चिकटून आहेत. चाकावरचं वजन कमी होतं म्हणून ते आत नेले, पण ब्रेकची उष्णता सरळ डिफरन्शियलच्या ऑईल सीलला लागते, सील गळालं की ऑईल डिस्कवर, आणि हात घालायला जागा नसल्याने नीट काम करायचं तर मागचा सगळा सांगाडा खाली उतरवावा लागतो. ही मांडणी पुढे एक्सजे ६ मध्येही चालू राहिली आणि १९८६ च्या नव्या मॉडेलला डिस्क परत चाकाकडे आले.

दुसरा उपाय मर्सिडीज, व्होल्व्हो, पोर्शे यांचा. डिस्कच्या मधल्या टोपीच्या आत छोटा ड्रम आणि छोटे शू. पायाचा ब्रेक कॅलिपरवर, हँडब्रेक ड्रमवर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. माझ्या मते हा सगळ्यात स्वच्छ उपाय, कारण कॅलिपर साधा राहतो, दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन, दोन पिना, मधे पत्र्याची स्प्रिंग, बास.

तिसरा उपाय म्हणजे हँडब्रेक थेट कॅलिपरच्या पिस्टनमध्येच घालायचा. मागून लिव्हर, आत स्क्रू, पॅड झिजेल तसा पिस्टन त्या स्क्रूवर आपोआप पुढे सरकत राहतो. स्वस्त आणि आटोपशीर, पण हा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवून आत न्यावा लागतो. त्याच्या तोंडावर खाचा असतात त्या त्यासाठीच. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा, काही गाड्यांत एका बाजूचा उलटा असतो. सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून दाबला तर आतली यंत्रणा तरी तुटते नाहीतर सील तरी फाटतं, आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता ज्या निर्णयावरून आजही गॅरेजमध्ये आवाज चढतात त्याबद्दल. १९६६ साली फियाट १२४ आली, साधी फॅमिली गाडी, तरी चारही चाकांना डिस्क, मागे तो फिरवायचा पिस्टन. त्या वर्गाच्या गाडीला हे मोठं धाडस होतं. याच गाडीचा परवाना रशियाने घेतला आणि १९७० पासून तिकडे जी गाडी निघाली, जिला जग लाडा म्हणून ओळखतं, तिच्यात बॉडीचा पत्रा जाड केला, गाडी उंच केली, इंजिन बदललं आणि मागचे डिस्क काढून ॲल्युमिनियमचे ड्रम बसवले. कारण दिलं गेलं रस्त्यांचं: चिखल, खडी, धूळ, पॅड टिकत नाहीत, ड्रम बंद असतो म्हणून टिकतो. आपल्याकडे मागचे डिस्क काढून टाकावेत म्हणणारे याच उदाहरणावर येतात. रशियाने काढले तिथे आपण कोण, काळ्या मातीच्या धुळीत आणि पावसाळ्यातल्या गाळात डिस्क कसा टिकेल, असं.

हा युक्तिवाद वरवर पटतो पण त्यात दोन गोष्टी सुटतात. एक, रशियन कारखान्याने निर्णय घेतला तो नव्या गाडीसाठी, ॲक्सल, सिलेंडर, मागच्या प्रेशरचं गणित सगळं एकत्र बसवून. मागच्या चाकांना ऑईलचं प्रेशर किती जायचं हे १२४ मध्ये मागच्या भारावर चालणारा व्हॉल्व्ह ठरवतो, आणि डिस्कला लागणारं प्रेशर आणि ड्रमला लागणारं प्रेशर सारखं नसतं कारण ड्रम स्वतःहून पकडतो. एखादी तीस-चाळीस वर्षं जुनी गाडी घेऊन मागे मिळेल तो ड्रमचा ॲक्सल लावला आणि व्हॉल्व्ह, मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा) तसंच ठेवलं की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना हे व्हायला नको. दुसरं, तिकडचा प्रश्न पॅड लवकर झिजण्याचा होता, आपल्याकडे मागचा कॅलिपर मरतो तो उभा राहून. त्याला धूळ जेवढी कारण तेवढंच न वापरणं कारण. रोगच वेगळा, तर औषध तेच कसं चालेल? म्हणून रशियाचा निर्णय त्यांच्यासाठी बरोबर मानूनही तो इथे लागू करणं मला पटत नाही, आणि लाडा शेवटपर्यंत मागे ड्रमच वापरत राहिली हा मुद्दाही त्यात काही भर घालत नाही.

आपल्याकडचा इतिहास म्हणजे ड्रमचा इतिहास. धुळ्यात मुंबई-आग्रा रोडवर, जळगावात अजिंठा रोडला, भुसावळला, जे मिस्तरी तयार झाले ते फियाट आणि अँबॅसेडरवर हात बसवून. व्हील सिलेंडर (ड्रममधल्या शूला ढकलणारा) खोला, वॉशर किट टाका, शू घासा, ॲडजस्ट करा, हवा काढा. हे काम त्यांच्याइतकं चांगलं करणारे आजही कमी सापडतील. परदेशी गाड्या इकडे फार उशिरा आणि फार थोड्या आल्या. जुनी गाडी आयात करणं जवळजवळ बंदच होतं, मार्ग दोन-तीनच, आखातातून कायमचा परतणारा माणूस सोबत गाडी आणायचा, नाहीतर दूतावासांच्या गाड्या सरकारी महामंडळामार्फत विकल्या जायच्या. मग मुंबईत एक-दोन मालक बदलून एखादी मर्सिडीज डिझेल रावेर-यावलकडच्या केळीवाल्याकडे नाहीतर जिनिंगवाल्याकडे यायची. १९७६ ते १९८५-८६ मधलं ते १२३ मॉडेल आपल्याकडे जास्त ओळखीचं, डिझेल असल्यामुळे आणि इंजिन मरत नाही म्हणून. चारही चाकांना डिस्क.

इंजिन खरंच मरायचं नाही. मरायचा मागचा कॅलिपर, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, पुढचे कॅलिपर तापतात, मागचे जेमतेम काम करतात. गाडी रोज हायवेला असेल तर तरी ठीक. पण ही गाडी वर्षातून चार लग्नाच्या वरातींत पायी चालणाऱ्यांच्या वेगाने जाते आणि बाकी वेळ गाळ्यात उभी असते. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं, ती ओल कॅलिपरच्या तळाशी साचते, आणि मागचा कॅलिपर कधी तापतच नाही त्यामुळे तिथलं काही सुकतही नाही. डस्ट रबर उन्हाने तडकलेलं, जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांचा, त्या फटीतून धूळ आणि पहिल्या पावसाचं पाणी आत. पिस्टन बाहेर काढून उजेडात धरला की सीलच्या जरा पुढे, जिथे धूळ आणि ओल गाठ पडते, तिथे क्रोम फुगून सुटलेलं दिसतं, आणि बोटाच्या नखाने ओरखडा लागतो एवढे खड्डे. कॅलिपरमध्ये सील बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकाच्या, खाचेत बसतं आणि पिस्टन त्यातून सरकतो, म्हणजे सीलिंग पिस्टनच्या पृष्ठभागावर होतं. व्हील सिलेंडरमध्ये उलट, तिथे वॉशर पिस्टनसोबत सरकतं आणि बोअर गुळगुळीत लागतो. ड्रमवर तयार झालेला मिस्तरी सवयीने कॅलिपरचा बोअर पॉलिश पेपरने घासत बसायचा आणि खड्डे पडलेला पिस्टन पुसून परत टाकायचा. महिन्याभरात परत गळती. मग "हा डिस्कच बेकार" हा निष्कर्ष.

त्यापुढचा उपाय म्हणजे डमी. मागची लाईन काढायची, तोंडाला डमी, म्हणजे बूच, मारायची, पुढच्या ब्रेकवर गाडी चालते की. आणि हँडब्रेक चालत नसेल तर चाकाला दगड लावायचा. हे वर्षानुवर्षं चाललं आणि अजूनही चालतं, म्हणून स्पष्ट लिहितो. १२३ च्या मास्टर सिलेंडरमध्ये दोन सर्किट आहेत, एक पुढचं एक मागचं, ते यासाठी की एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवेल. मागचं डमी केलं की पुढचा एक होज (ऑईलची रबरी नळी) फुटल्यावर पायाखाली काहीच उरत नाही. दीड टनाच्या गाडीत लग्नाची माणसं बसवून हे करणं चूक आहे, त्यात दुसरं मत नसावं.

मागच्या काही वर्षांत चित्र बरंच बदललंय. गाड्यांच्या किमती वाढल्या तसे मालक ओरिजिनलबद्दल हट्टी झाले, मिस्तरींच्या पुढच्या पिढीने मोबाईलवर बघून बघून कॅलिपर शिकून घेतले. पिस्टन काढायला आता हातोडी आणि पेचकस लागत नाही, दोन पिस्टनच्या मधे लाकडाचा ठोकळा ठेवतात आणि होजच्या भोकातून थोडी थोडी हवा देतात. एकदम हवा दिली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोट मधे नको. जास्त जाम असेल तर गाडीवरच पेडल दाबून ऑईलच्या प्रेशरने बाहेर काढणं हवेपेक्षा सुरक्षित. धुवायला स्पिरिट नाहीतर ताजं ब्रेक ऑईल. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांचा थेंब राहिला तरी सील फुगतं, आणि सगळे पार्ट डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवायची गॅरेजची जुनी सवय इथे फार महागात पडते. जुन्या पॅडची पूड हवेने उडवायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायची. आणि चाक धरून राहतंय म्हणून कॅलिपर खोलण्याआधी रबरी होज बघायचा. जुना होज आतून सुजतो, पेडल दाबल्यावर ऑईल जातं पण परत येत नाही. ब्रेक धरलेला असताना कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल सोडलं आणि चाक मोकळं झालं तर आधी होजवर संशय घ्यायचा, कॅलिपर नंतर.

ऑईलवरूनही थोडा वाद आहे. उभ्या राहणाऱ्या गाडीला सिलिकॉनवालं डॉट ५ (डॉट म्हणजे ब्रेक ऑईलची प्रत) घाला, ते ओल ओढत नाही, असं काही जण सांगतात. ते डॉट ३, ४ मध्ये मिसळत नाही, पेडल जरा मऊ लागतं, आणि शिरलेलं पाणी विरघळत नाही म्हणून सगळ्यात खालच्या जागी म्हणजे कॅलिपरमध्येच जाऊन बसतं. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार, तो डॉट ४ च्याच जातीचा. आपल्याकडे डॉट ४ घालून दोन वर्षांनी बदललेलं बरं, ताज्याला उकळायला किमान २३० अंश लागतात, ओल धरलेल्याला १५५.

२०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला, ५० वर्षांच्या वरच्या गाडीला 'व्हीए' सिरीजचा नंबर, नवीन नोंदणीला २०,००० रुपये. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यात मोठा बदल नको असं म्हटलंय, त्या यादीत ब्रेक नाहीत. त्यामुळे मागे ड्रम घातलेली गाडी ओरिजिनल धरायची का, हा वाद आता धुळ्या-जळगावच्या मालकांमध्येही ऐकू येतो, आणि १९७६ च्या पहिल्या १२३ आत्ता पन्नाशीला आल्यात म्हणजे तो वाढणारच. डिस्क काढून ठेवलेल्या लोकांना परत बसवायचे असतील तर कास्टिंगला तडा आणि सीलच्या खाचेला गंज एवढं तपासावं. बाकीचं होतं, सील किट कुरिअरने येतं, आणि पिस्टन स्टेनलेसचा करून द्यायला जळगावच्या एमआयडीसीत लेथ आहेत, भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेले टर्नर आहेत, फक्त नमुन्याला खड्डे पडलेला पिस्टन नेताना माप वरच्या झिजलेल्या भागाचं न देता सीलच्या आतल्या चांगल्या भागाचं द्यायचं. जुने कॅलिपर गाळ्यात पोत्यात पडले असतील तर भंगारवाल्याला देऊ नका.